विश्लेषण : ‘महाराष्ट्र’ हा शब्द ३० लांबीचा, १० की ४?

मे २०१५ मध्ये एका विचित्र संदेशाने जगभरातील आयफोन बंद पडू लागले होते. त्या संदेशात इंग्रजी, अरबी, चिनी आणि देवनागरी चिन्हांची सरमिसळ होती; अनेक बातम्यांत त्यातील देवनागरी चिन्हांचा उल्लेख ‘मराठी’ असाच झाला. संदेश उघडण्याचीही गरज नव्हती. सूचनेच्या छोट्या पट्टीत मजकूर मावावा म्हणून फोन तो कापायला जाई आणि तिथेच मजकूर मांडणारी यंत्रणा कोलमडे. ॲपलने जूनअखेरीस आयओएस ८.४ मध्ये दुरुस्ती केली. मात्र त्यामागचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही : एखादा मजकूर पडद्यावर किती जागा घेईल, हे प्रोग्रामने आधी ओळखायचे कसे?

लांबी मोजायची म्हणजे नेमके काय?

‘महाराष्ट्र’ हा शब्द घेऊ. वाचणारा म, हा, रा, ष्ट्र अशी चार अक्षरे मोजेल. संगणकाच्या लेखी मात्र हा शब्द म, ह, काना, र, काना, ष, पाय मोडल्याची खूण, ट, पुन्हा पाय मोडल्याची खूण आणि र अशा १० संकेतांचा आहे. पायथॉन या भाषेत लांबी विचारली तर उत्तर १० येते. युटीएफ-८ या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट लागतात. त्यामुळे गो किंवा रस्ट या भाषा त्याच शब्दाची लांबी ३० सांगतात.

यातले एकही उत्तर चूक नाही. साठवणुकीसाठी बाइट मोजावे लागतात. एसएमएसला १४० बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षर सात बिटांत बसते, म्हणून तिथे १६० अक्षरे मावतात. देवनागरी मजकूर साधारणपणे १६ बिटांच्या संकेतांत जातो, म्हणून ७० वरच गाडी थांबते आणि त्यातही प्रत्येक काना-मात्रा वेगळी मोजली जाते. ‘एक्स’वर २८० ची मर्यादा आहे. तिथे चिनी, जपानी अक्षर दोन म्हणून धरले जाते, तर देवनागरीचा प्रत्येक संकेत एक. म्हणजे ‘महाराष्ट्र’ लिहिले की १० खर्च झाले.

घोटाळा होतो तो एका कामासाठी मोजलेला आकडा दुसऱ्या कामाला वापरल्यावर. समजा, एखाद्या जुन्या प्रणालीत नावासाठी २० बाइटची जागा आहे आणि जास्तीचा मजकूर ती निमूटपणे कापते. तिथे ‘ज्ञानेश्वर’ लिहिले तर ‘ज्ञाने’ एवढेच उरते. पुढच्या ‘श’चे तीनपैकी दोनच बाइट मावतात, म्हणून त्या जागी प्रश्नचिन्ह असलेला चौकट आकार दिसतो. संकेत मोजून कापले तरी सुटका नाही. ‘विठ्ठल’चे पहिले चार संकेत घेतले की हाती येते ‘विठ्’.

रुंदीचा प्रश्न कुठे येतो?

ब्राउझर आणि मोबाइल ॲप यांच्याकडे फॉन्ट असतो. मजकूर किती पिक्सेल रुंद होईल, हे ते थेट मोजून पाहू शकतात. टर्मिनलचे, म्हणजे प्रोग्रामर आणि सर्व्हर सांभाळणारे अभियंते वापरतात त्या काळ्या खिडकीचे, तसे नाही. तिथे पडदा म्हणजे चौकटीची वही. प्रत्येक अक्षराला एक घर. रकाने सरळ दिसावेत म्हणून प्रोग्राम घरे मोजतो आणि उरलेल्या जागी मोकळ्या जागा भरतो. दुकानातल्या ५८ मिलिमीटर रुंदीच्या पावतीवरही सहसा हाच हिशेब असतो; नेहमीच्या ठशात एका ओळीत ३२ अक्षरे. मोजणी चुकली की त्या ओळीपुरता ‘दर’ आणि ‘रक्कम’ यांचा रकाना सरकतो.

टर्मिनलमध्ये परिणाम याहून वाईट होतो. कर्सर कुठल्या घरात आहे, याबद्दल प्रोग्राम आणि टर्मिनल यांचे एकमत नसेल, तर खोडायला गेलेले अक्षर राहते आणि शेजारचे जाते. कोड लिहून देणारे एआय सहायक अलीकडे थेट टर्मिनलमध्ये चालू लागल्याने आडबाजूला पडलेला हा विषय पुन्हा चर्चेत आला आहे.

जपानी अक्षराला दोन घरे का?

याचे मूळ १९८० च्या दशकातील जपानी संगणकांत आहे. कांजी अक्षरे गुंतागुंतीची, एका अरुंद घरात ती वाचता येत नसत. म्हणून त्यांना दोन घरे मिळाली. योगायोग असा की, तिथल्या शिफ्ट-जिस पद्धतीत कांजीला दोन बाइट लागत आणि अर्ध्या रुंदीच्या काताकाना अक्षराला एक. बाइट मोजले की घरे आपोआप मोजली जात. युनिकोड आल्यावर हे गणित मोडले आणि वेगळी यादी करावी लागली. केंब्रिज विद्यापीठातील मार्कस कुहन यांनी रुंदी सांगणारे ‘डब्ल्यूसीविड्थ’ हे फंक्शन लिहून खुले केले. असंख्य प्रोग्राममध्ये त्याचे वंशज आजही आहेत. नियम सोपा : चिनी, जपानी, कोरियन अक्षराला दोन घरे, वर-खाली चिकटणाऱ्या खुणेला शून्य, बाकी बहुतेकांना एक.

मग देवनागरी कुठे अडते?

त्या ‘बाकी बहुतेकां’मध्येच. या नियमात मात्रा, उकार, अनुस्वार आणि पाय मोडल्याची खूण यांची रुंदी शून्य आहे, पण काना, वेलांटी आणि ओकार यांना एकेक घर मिळते. हिशेब केला तर ‘केरळ’ तीन घरांचा आणि ‘गोवा’ चार घरांचा ठरतो! ‘महाराष्ट्र’ आठ घरांचा. काही नव्या आवृत्त्या काना-वेलांटीलाही शून्य धरतात, म्हणजे दोन प्रोग्राममध्येही एकवाक्यता नाही.

खरी अडचण याहून खोल आहे. ‘ष्ट्र’ किती रुंद हे कोणतीही यादी सांगू शकत नाही, कारण ते फॉन्टवर अवलंबून आहे. एका फॉन्टमध्ये तो एकसंध ठसा असतो, दुसऱ्यात ‘ष्’ आणि ‘ट्र’ सुटे दिसतात. युनिकोडने पूर्व आशियाई रुंदीची जी तक्ता-पद्धत ठरवली, तिच्यात देवनागरी ‘तटस्थ’ गटात आहे. आधुनिक टर्मिनलनी योग्य ते बदल केल्याशिवाय ही पद्धत वापरू नये, असेही त्याच दस्तऐवजात म्हटले आहे. ती सर्रास तशीच वापरली जाते, हा भाग वेगळा.

हे भारतात कुणाच्या लक्षात आले नव्हते असे नाही. डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट कार्ड आणले. संगणकात बसवलेल्या या कार्डामुळे अक्षरांच्या चौकटीतही जोडाक्षरे दिसू लागली. पुढे युनिकोडने देवनागरीची मांडणी १९८८ च्या भारतीय ‘इस्की’ संकेतावरच बेतली. संकेत आले, पण घरांचा हिशेब जपानी सोयीचा राहिला.

अलीकडे काय बदलले?

सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ ने अक्षरे तोडण्याचा नियम सुधारला. त्याआधी प्रमाण नियमानुसार ‘क्षत्रिय’चे क्, ष, त्, रि, य असे पाच तुकडे पडत. आता देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम या लिपींत जोडाक्षर अखंड राहते, म्हणजे क्ष, त्रि, य असे तीनच भाग होतात. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, हे पाहता उशीर बराच झाला. जावास्क्रिप्टमधील अक्षरे सुटी करणारी ‘सेगमेंटर’ ही सोयही २०२४ मध्ये फायरफॉक्सने स्वीकारल्यानंतर सर्व प्रमुख ब्राउझरमध्ये उपलब्ध झाली. त्यामुळे मराठी नाव कापायचे झाल्यास ते अक्षराच्या सीमेवर कापणे आता अवघड नाही.

रुंदीचे काय?

अक्षर कुठे संपते हे कळले, तरी ते किती घरे घेते हा प्रश्न राहतोच. पिक्सेलमध्ये मोजता येत असेल तिथे तेच करावे. घरे मोजण्याचा अट्टहास फक्त टर्मिनल आणि पावतीपुरता ठेवणे शहाणपणाचे. टर्मिनलसाठी गुंतागुंतीच्या लिपींना योग्य जागा मिळावी, असा प्रस्ताव २०२३ मध्ये युनिकोडकडे गेला आहे. ‘किटी’ या टर्मिनलने २०२५ मध्ये वेगळी वाट काढली : अंदाज बांधण्याऐवजी अमुक मजकुराला अमुक घरे द्यावीत, असे प्रोग्रामनेच टर्मिनलला सांगायचे. दोघांनी ते मान्य केले, तर कर्सरवरून होणारा वाद मिटतो. मात्र इतर टर्मिनलनी आणि जुन्या प्रोग्रामनी ही पद्धत स्वीकारेपर्यंत राज्यांच्या यादीत ‘गोवा’ चार घरांचा आणि ‘केरळ’ तीनच घरांचा राहील.