संमति कोणाची ?

महाड-पोलादपुराकडील सुशिक्षित घरांत कर्करोगाचें निदान झालें म्हणजे प्रथम एक कट शिजतो. थोरला मुलगा डॉक्टरांना बाजूस घेऊन सांगतो, "अप्पांना कांहीं कळूं देऊं नका." धाकटा तपासणीचे कागद कपाटांत कुलूपबंद करतो. ज्याच्या देहांत रोग आहे तो एकटाच घरांत अजाण राहतो. ह्या कटाला आपण प्रेम म्हणतों. आणि त्यांत प्रेम असतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु एक दिवस डॉक्टर विचारतात, "एका नव्या उपचाराची चाचणी चालू आहे, हे तींत येतील काय?" आतां उत्तर कोणीं द्यावें ? ज्यानें द्यावयाचें त्याला प्रश्नाचें पहिलें अक्षरही ठाऊक नसतें !

मग घरची मंडळी त्याच्या वतीनें बोलतात, आणि त्यांचीं उत्तरें दोनच. एक, "आमचा माणूस प्रयोगाचा उंदीर नव्हे." दुसरें, "मोठे डॉक्टर सांगतात तेथें सही करून मोकळे व्हा." पहिल्यांत शौर्याचा आव आहे, दुसऱ्यांत श्रद्धेचा, विचार दोहोंतही नाहीं.

पहिल्या उत्तराचा समाचार आधीं घेऊं. तोंडाचा कर्करोग आरंभींच्या अवस्थेंत असतां मानेंतील गांठी पहिल्याच शस्त्रक्रियेंत काढाव्या, कीं रोग तेथें उतरल्यावर काढाव्या, हा शस्त्रवैद्यांचा जुना वाद. परळ येथें १९४१ सालीं उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयांत, २००४ ते २०१४ ह्या काळांत, रोग्यांच्या संमतीनें दोन गट पाडून तो तपासण्यांत आला. ५०० रोग्यांवरील निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाला : गांठी आधींच काढलेल्या गटांत तीन वर्षांनीं हयात राहण्याचें प्रमाण शेंकडा ८०, वाट पाहिलेल्या गटांत शेंकडा ६७.५. जवळ जवळ निम्म्या लोकांच्या वांट्यास उणा मार्ग आला हें खरें. पण तो उणा आहे हें त्यांनीं संमति दिली त्या दिवशीं कोणीही खात्रीनें सांगूं शकत नव्हतें, म्हणूनच चिठ्ठी टाकणें न्याय्य होतें. ज्यांच्या पानाच्या डब्यांत आजही तंबाखू आहे त्या आपणां सर्वांवर ह्या माणसांचें ऋण आहे. त्यांना उंदीर म्हणणें ही कृतघ्नता होय.

मग डोळे मिटून सही करावी काय ? मुळींच नाहीं ! चाचणी कितव्या टप्प्याची ? पहिल्या टप्प्यांत औषध किती सोसवतें हेंच मुख्यतः पाहतात. तेथें बरें होण्याच्या आशेनें जाणारा फसतो. चाचणी नाकारल्यास कोणता उपचार मिळेल ? चिठ्ठींत दुसरा गट आल्यास प्रचलित उपचार मिळेलच ना ? जादा फेऱ्या किती, रक्त किती वेळां घेणार ? औषध लागू पडलें आणि चाचणी संपली, तर पुढें तें कोण देणार ?

डोंगरवाडींतील शेतकऱ्याचे प्रश्न ह्याहून साधे असतात. एस. टी. चें भाडें कोण देईल ? सोबत कोण येईल ? राहावें कोठें ? लावणीच्या दिवसांत तारीख आली तर ? सुशिक्षित आप्त ह्या प्रश्नांना हंसतो. आम्हांस तर हे सर्वांत शहाणे प्रश्न वाटतात. गिरणगांवांतील चाळींत एकेकाळीं गांवकीची खोली असे. आतां त्या चाळी एकामागून एक नाहींशा होत आहेत. टाटा स्मारकाचें खारघर येथील केंद्र आमच्याच जिल्ह्यांत खरें. पण घाटाखालच्या वाडीवरून तेंही दिवस मोडल्याशिवाय गांठतां येत नाहीं. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्रीचें पाणी महाडच्या बाजारपेठेंत शिरलें आणि तळिये गांवावर दरड कोसळली. अशा दिवशीं नेमलेली मात्रा चुकली, तर रोग्याला वगळणार कीं पुढची तारीख देणार ? हें आधीं विचारणें हा भित्रेपणा नव्हे.

कायदा विचारणाऱ्याच्या बाजूस उभा आहे. नव्या औषधांच्या चाचण्यांस लागू असलेल्या २०१९ च्या नियमांप्रमाणें माहितीपत्रक रोग्यास समजेल अशा भाषेंत पाहिजे. वाचतां न येणाऱ्यासाठीं तटस्थ साक्षीदार पाहिजे. कागदांची प्रत रोग्याच्या हातीं पडली पाहिजे. चाचणींत इजा झाल्यास औषधोपचार विनामूल्य, आणि ती चाचणीमुळेंच झाली असल्यास भरपाई. कारण न सांगतां केव्हांही बाहेर पडावें. त्यासाठीं नेहमींचा उपचार थांबवितां येत नाहीं.

"पण सत्य ऐकून ते खचतील !" हा आपला शेवटचा आधार. ज्या अप्पांना विचारल्यावांचून गोठ्यांतील म्हैस विकली जात नाहीं, त्यांच्या देहाचा व्यवहार मात्र परस्पर उरकावयाचा ! आईला तर विचारण्याची रीतच नाहीं. "तुम्ही म्हणाल तसें" हेंच तिचें उत्तर आपण गृहीत धरतों. कोणास स्वतःहून ऐकावयाचें नसेल, तर तोही त्याचा अधिकार आहे. पण मग चाचणीच्या कागदावर त्याचा अंगठा घेऊं नये.

महाडच्या माणसाला हें निराळें सांगावें लागूं नये. चवदार तळें सर्वांस खुलें असल्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ सालींच झाला होता. तो कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासवें आलेले लोक तळ्यावर गेले, पाणी ओंजळींत घेऊन प्याले, तेव्हां त्या ठरावाला अर्थ आला. संमतीचा हक्कही आज नियमांच्या पुस्तकांत तसाच पडून आहे. तो वापरावयाचा तर रोग्याला प्रथम आपल्या रोगाचें नांव कळलें पाहिजे. आणि तें त्याला कळूं नये म्हणून दाराशीं कोणी परका नव्हे, आपणच उभे आहों.