जितका प्रश्न, तितकेच चित्र

धारहून मांडवगडाकडे जाणाऱ्या वाटेवरील नालछा हे पवारांच्या संस्थानात एका परगण्याचे ठाणे होते. आज तेथील एखाद्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा वरचा जबडा अरुंद निघाला आणि वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसू लागल्या, तर त्याच्या आईबापांना बहुधा इंदूर गाठावे लागते. रोजगार बुडवून एवढा प्रवास केल्यावर सर्वांत मोठ्या यंत्रावर तपासणी व्हावी, ही त्यांची अपेक्षा स्वाभाविक असली तरी ती पुरवणे प्रत्येक वेळी हितावह नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

टाळूच्या मध्यावरील अस्थींची शिवण वयात येण्यापूर्वी पक्की जुळलेली नसते. म्हणून जबडा रुंद करण्यासाठी टाळूशी बसविलेल्या स्क्रूला घरच्याच माणसाने चावीने पाव फेरा दिला की सुमारे पाव मिलिमीटर अंतर वाढते, आणि काही दिवसांत वरच्या मधल्या दोन दातांत फट दिसू लागते. अमेरिकन दंतवैद्य एमर्सन एंजेल यांनी १८६० साली चौदा वर्षांच्या मुलीवरील असा उपचार प्रसिद्ध केला, तेव्हा क्ष-किरणांच्या शोधाला अजून पस्तीस वर्षांचा अवकाश होता. शिवण उघडल्याचा त्यांचा दाखला ही फटच होती.

आज साधने अनेक आहेत, परंतु प्रत्येकाचा अधिकार मर्यादित आहे. दातांच्या साच्यावर दाढांमधील रुंदी निर्धोकपणे मोजता येते. मात्र अस्थी सरकली की दाढाच बाहेर कलल्या, याचा निवाडा साचा करीत नाही. दातांत फिल्म धरून वरून घेतलेल्या एक्स-रेमध्ये शिवणीची काळी, पुढे रुंद आणि मागे निमुळती होत जाणारी पाचर दिसते, पण मागील भाग इतर अस्थींच्या सावलीत झाकला जातो. समोरून घेतलेले कवटीचे चित्र जबड्याची व नासिकापोकळीची रुंदी सांगते. सीबीसीटी या त्रिमिती पद्धतीत शिवणीची परिपक्वता, दाढांचा कल आणि गालाकडील अस्थीची जाडी हे सारे उलगडते. तथापि यंत्र व चित्रित क्षेत्र यांनुसार तिच्यातील किरणमात्रा साध्या दंतचित्राच्या कित्येक पट असू शकते, आणि वाढत्या वयातील पेशी किरणांना अधिक संवेदनशील असतात.

म्हणून लहान मुलाच्या सरळ प्रकरणात परीक्षा, साचा आणि फार तर एक साधे चित्र पुरेसे मानावे. किशोरवयात शिवण जुळल्याचा संशय असेल, टाळू जन्मतः दुभंगलेली असेल किंवा एखादा दात अस्थीत अडकला असेल, तर सीबीसीटीची शिफारस अवश्य करावी, आणि तीही आवश्यक तेवढ्याच क्षेत्रापुरती. या चित्राने उपचाराचा कोणता निर्णय बदलणार आहे, हे एका ओळीत चिठ्ठीवर नमूद करण्याचा शिरस्ता प्रत्येक दवाखान्याने पाडावा, आणि काढलेले चित्र पालकांच्या स्वाधीन करावे. म्हणजे पुढे दुसऱ्या दवाखान्यात जाण्याची वेळ आली तरी मुलाला त्याच तपासणीसाठी पुन्हा किरणांसमोर उभे राहावे लागणार नाही.