शंकुल ते कलवरी : मधल्या तेवीस वर्षांचं काय?

मित्रांनो, वाशीचा आहे म्हटलं की होस्टेलवर हमखास प्रश्न येतो, "स्टेशनच्या कुठल्या बाजूला राहतोस?" बाबांनो, आमची वाशी वेगळी! धाराशिव जिल्ह्यातली, बालाघाटच्या डोंगररांगांकडची. तिथं लोकल नाही, खाडी नाही, आणि समुद्र तर शेकडो किलोमीटर लांब. अशा दुष्काळी भागातल्या पोरानं पाणबुडीवर लेख लिहायचा म्हणजे काही जणांना हसू येईल. येऊ द्या. पण डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी आमच्याकडच्या माणसाला जितकी चटकन कळेल तितकी कदाचित मुंबईकरालाही कळणार नाही. कारण विहिरीवरचं डिझेल इंजिन आणि घरातला इन्व्हर्टर, दोन्ही आम्ही जवळून पाहिलंय.

तत्त्व तेच आहे. डिझेल इंजिनाला हवा लागते, आणि पाण्याखाली हवा नाही. म्हणून पाणबुडी पृष्ठभागावर किंवा जरा खाली राहून, श्वासनळीसारखी एक नळी वर काढून इंजिनं चालवते आणि बॅटऱ्या चार्ज करून घेते. मग इंजिनं बंद, नळी आत, आणि बॅटरीवर चालणाऱ्या विद्युत मोटरवर ती गुपचूप खोल जाते. बॅटरीवर असताना आवाज जवळपास नाहीच, हीच तिची ताकद. बॅटरी उतरली की पुन्हा वर यावं लागतं, ही तिची अडचण. चार्जिंगच्या वेळी बॅटऱ्यांतून हायड्रोजन सुटतो, तो वेळीच बाहेर काढला नाही तर स्फोटाची भीती. थोडक्यात, प्रत्येक बोल्ट, प्रत्येक केबल आणि प्रत्येक वेल्ड यांची रोज काळजी घ्यावी लागेल असं हे यंत्र आहे.

असं यंत्र आपल्या देशात पहिल्यांदा बांधलं गेलं ते मुंबईत, माझगाव डॉकमध्ये. त्याचं नाव 'शाल्की'. ११ डिसेंबर १९८१ ला जर्मनीतल्या एचडीडब्ल्यू या कंपनीशी करार झाला. दोन पाणबुड्या कील बंदरात बांधायच्या, दोन मुंबईत, आणि पुढे आणखी दोन बांधण्याची सोय. आपले अभियंते आणि कारागीर कीलला जाऊन शिकून आले. तिकडे बांधलेल्या शिशुमार आणि शंकुश १९८६ मध्ये नौदलात आल्या. शाल्की ७ फेब्रुवारी १९९२ ला दाखल झाली, तिच्यामागून शंकुल २८ मे १९९४ ला. शाल्कीची लांबी ६४.४ मीटर, माणसं साधारण चाळीस. आणीबाणीत अख्ख्या चाळीस जणांना घेऊन वर येईल असा एक गोल कक्षही तिच्यात आहे.

आता इथं कुणीही म्हणेल की वा, जमलं! दोन झाल्या, पुढच्या दोन आणखी लवकर होतील. पण झालं उलटंच. १९८७ मध्ये या व्यवहारात दलाली दिली गेल्याचे आरोप झाले, चौकशी लागली आणि पाचवी-सहावी पाणबुडी कागदावरच राहिली. पुढचा करार झाला थेट २००५ च्या ऑक्टोबरमध्ये, या वेळी फ्रेंच बनावटीच्या स्कॉर्पीन पाणबुड्यांसाठी. त्यातली पहिली 'कलवरी' २०१२ ला अपेक्षित होती, ती नौदलात आली १४ डिसेंबर २०१७ ला. हिशोब करा. शंकुलपासून कलवरीपर्यंत साडेतेवीस वर्षं माझगाव डॉकमधून एकही नवी पाणबुडी नौदलाला मिळाली नाही.

तुम्ही म्हणाल, मग काय बिघडलं? मधल्या काळात रशियाकडून तयार पाणबुड्या आल्याच की. आल्या. सिंधुशस्त्र २००० साली आली. माझगाव डॉकही काही बंद पडलं नव्हतं, दिल्ली, मैसूर, मुंबई अशा दणदणीत विनाशिका तिथंच बांधल्या गेल्या. पण जहाज वेगळं आणि पाणबुडी वेगळी, राव! दर दहा मीटर खोलीला एक वातावरणाएवढा दाब वाढतो, हे आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये घोकलंय. म्हणजे २०० मीटर खाली प्रत्येक चौरस मीटरवर साधारण २०० टनांचा भार. तो भार सोसणाऱ्या कवचाचं वेल्डिंग पुस्तक वाचून येत नाही. येणारा माणूस शेजारी उभा राहून शिकवतो तेव्हा येतं.

आणि इथंच माझा मुख्य मुद्दा आहे. समजा १९८५ साली शाल्कीच्या कवचावर काम करणारा एक वेल्डर तीस वर्षांचा होता. कलवरी दाखल झाली तेव्हा तो बासष्ट वर्षांचा, म्हणजे सेवानिवृत्त! त्याच्या हाताखाली ज्यानं शिकायचं, त्या पोराला शिकायला पाणबुडीच नव्हती. ड्रॉइंग कपाटात राहतात, मशीनवर कव्हर घालता येतं, पण हातातलं कसब कुठल्या कपाटात ठेवणार? काम थांबलं की हात विसरतात, आणि माणूस रिटायर झाला की ते हातही जातात. २००५ ला आपण पाटी पुसून पुन्हा 'अ' पासून सुरुवात केली, त्याचं कारण हेच, असं माझं मत आहे.

कुणी विचारेल, मग चौकशी करायचीच नव्हती का? करायलाच हवी होती, कसून करायला हवी होती. पैसे कुणी खाल्ले असतील तर त्याला शिक्षा द्या. पण वेल्डिंगचा टॉर्च विझवून शिक्षा कुणाला झाली? ज्यानं काहीच खाल्लं नव्हतं त्या कारागिराला, आणि जुन्या पाणबुडीत बसून समुद्रात जाणाऱ्या नौसैनिकाला. नव्या येत नाहीत तेव्हा जुन्यांवरचा भार वाढतो. २६ फेब्रुवारी २०१४ ला मुंबईजवळच्या समुद्रात १९८८ सालच्या 'सिंधुरत्न' मध्ये आग लागली आणि दोन तरुण अधिकारी गेले. त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. त्या आगीचा थेट संबंध मी या साडेतेवीस वर्षांशी लावत नाही. पण अशा यंत्रात देखभालीचं काम म्हणजे चाळीस-पन्नास जणांच्या जिवाचं काम असतं, एवढं त्यातून नक्की कळतं.

चांगली गोष्टही सांगायला हवी. शाल्की ऑगस्ट २०२४ मध्ये कोलंबो बंदराला भेट देऊन आली, म्हणजे दाखल झाल्यावर बत्तीस वर्षांनी! ही किमया बांधणाऱ्यांची तितकीच तिला चालती ठेवणाऱ्यांची. शंकुशच्या मोठ्या दुरुस्तीसाठी आणि आयुष्य वाढवण्यासाठी ३० जून २०२३ ला माझगाव डॉकशी २,७२५ कोटींचा करार झाला. ज्याला आपण 'मेंटेनन्स'चं काम म्हणून नाक मुरडतो त्याची ही किंमत आहे बरं का! कलवरीनंतर खांदेरी, करंज, वेला, वागीर आणि १५ जानेवारी २०२५ ला वाघशीर, अशा सहाही स्कॉर्पीन नौदलात आल्या. म्हणजे त्या करारातली आता एकही बांधायची उरलेली नाही. कसब पुन्हा एकदा हातात आलंय. ते परत कपाटात ठेवायचं नाही, हा धडा शाल्कीनं आपल्याला दिलाय. आपण तो घेतलाय का, ते पुढची दहा वर्षं सांगतील.

दिल्लीला आणि माझगावला सल्ला देणारा मी कोण? सोडा. आपल्या कॉलेजपुरतं बोलू. दरवर्षी फायनल इयरवाले रात्र-रात्र जागून प्रोजेक्ट करतात, गाडी बनवतात, रोबो बनवतात. मे महिन्यात पास आउट झाले की सगळं संपतं. वर्कशॉपच्या कोपऱ्यात सांगाडा उरतो, पण गिअर का घसरत होता, ते कसं सुधारलं, कुठला पार्ट कुठल्या दुकानात मिळाला, हे कुणालाच माहीत नसतं. ज्युनियर पुन्हा शून्यापासून सुरुवात करतात, त्याच चुका करतात. आपल्याही शंकुल आणि कलवरीमध्ये खड्डा आहे, फक्त तो दरवर्षी पडतो. होस्टेलचंच बघा ना. कुठला व्हॉल्व्ह किती फिरवला की तिसऱ्या मजल्यावर पाणी चढतं हे फक्त पंपवाल्या मामांना ठाऊक. मामा सुट्टीवर गेले की आपण बादल्या घेऊन जिन्यात! त्यांच्या डोक्यातलं ज्ञान लिहून घ्यावं असं आपल्या चारशे भावी इंजिनियरांपैकी एकालाही वाटत नाही.

म्हणून सरांना आणि मित्रांना माझी एक साधी सूचना आहे. प्रत्येक प्रोजेक्टची एक वही वर्कशॉपमध्ये कायमची ठेवा. स्पायरल बाइंडिंगचा चकचकीत रिपोर्ट नको, तो कुणी वाचत नाही. साधी दोनशे पानी वही, तेलकट हातानं लिहिलेली. काय केलं, काय फसलं, काय पुन्हा करून बघायचं. आणि प्रत्येक फायनल इयरवाल्यानं जाण्याआधी निदान एका ज्युनियरला चार शनिवार शेजारी उभं करून शिकवावं. त्याला मार्क नाहीत, हे मान्य. पण शाल्कीच्या वेल्डरलाही शिकवण्याचे मार्क कुणी देणार नव्हतं. त्याला फक्त शिकायला एक पोरगा आणि वेल्ड करायला पाणबुडी हवी होती.

आमच्याकडून आयटीआय करून पुण्या-मुंबईला गेलेली पोरं अशाच कारखान्यांत वेल्डर, फिटर, डिझेल मेकॅनिक आहेत. उद्या आपण इंजिनियर म्हणून त्यांच्याच शेजारी उभे राहणार. तेव्हा डिग्रीचा तोरा खिशात ठेवून आधी त्यांच्याकडून शिकून घ्या, आणि शिकलेलं पुढच्याच्या हातात देऊनच निघा.