पाण्यावरची काळी पाठ

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत बसले की उजव्या हाताला बराच वेळ गोद्या दिसत राहतात. करड्या युद्धनौका मुले लगेच ओळखतात. तोफ दिसते, रडार दिसते, झेंडा दिसतो. पण कधी कधी पाण्याला चिकटून एक काळी, लांबट पाठ दिसते आणि तिच्यावर कपाटासारखा उभा मनोरा. मग बोटीत दोन पक्ष पडतात. कोणी म्हणते पाणबुडी, कोणी म्हणते तराफा. आमच्या वर्गातही हा वाद झाला, म्हणून या महिन्याचे पान त्यासाठीच.

पाण्यावर आलेल्या पाणबुडीचा मोठा भाग तेव्हाही पाण्याखालीच असतो. म्हणून ती असते त्यापेक्षा फार लहान दिसते. माझगाव डॉकमध्ये बांधलेली 'कलवरी' साडेसदुसष्ट मीटर लांब आहे, पण दुरून पाहणाऱ्याला एखादा मोठा मचवा वाटावा. ती चालू लागली की नाकापुढे पाण्याची उशी उठते आणि पाणी पाठीवरून मागे घसरते. दुसरे कोणतेही जहाज असे चालत नाही. मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंना पंखासारख्या पट्ट्या दिसल्या तर ती बहुधा कलवरी वर्गातली. रशियन बनावटीच्या सिंधुघोष वर्गाला मनोऱ्यावर पंख नाहीत. तिची पाठ रुंद, गोलसर आणि मनोरा बुटका व लांब. २०१७ ते २०२५ या काळात कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्या नौदलात आल्या. त्यांतल्या 'खांदेरी'चे नाव थळसमोरच्या जलदुर्गावरून ठेवलेले आहे, हे अलिबागकडच्या मुलांना सांगितले की त्यांची मान जरा ताठ होते!

बंदराच्या आत पेरिस्कोप पाहिल्याचे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. मुंबई बंदर उथळ आहे, तिथे पाणबुडी बुडी मारून फिरत नाही. ये-जा करते ती पाण्यावरूनच. पेरिस्कोप म्हणून दाखवतात तो बहुतेक वेळा डोल जाळ्याचा खुंट असतो, नाहीतर वाट दाखवणारा बोया.

खोल समुद्रात मात्र गोष्ट वेगळी. या पाणबुड्या पाण्याखाली बॅटरीवर चालतात आणि बॅटरी भरायला डिझेल इंजिन लागते. इंजिनाला हवा हवी, म्हणून पाणबुडी पृष्ठभागाजवळ येऊन एक नळी वर काढते. तिला स्नॉर्केल म्हणतात. त्या वेळी तांडेलाला दिसतो तो फक्त पाण्यातून सरकणारा एक दांडा, त्याच्या मागे फेसाची पांढरी रेघ आणि कधी धुराचा पातळ पट्टा. समुद्र खवळलेला असेल तर तेवढेही दिसत नाही.

आणि पाणबुडीला आपण दिसतो का? लोकांना वाटते की एवढे महागडे यंत्र, त्याला सगळे कळत असणार. खोलवर असताना तिला डोळे नसतात, कान असतात. आम्ही वर्गात एका मुलाचे डोळे बांधून कोपऱ्यातून टाळी वाजवायला लावतो. टाळी कोणत्या बाजूने आली ते तो अचूक सांगतो. किती अंतरावरून आली ते सांगताना चुकतो. आवाज ऐकून अंदाज बांधणाऱ्या पाणबुडीची अडचण हीच आहे. त्यात जाळे टाकून, इंजिन बंद करून थांबलेली होडी जवळजवळ मुकीच असते.

याची किंमत लोकांनी मोजली आहे. २२ नोव्हेंबर १९९० रोजी स्कॉटलंडच्या क्लाइड आखातात ब्रिटिश पाणबुडी 'ट्रेंचंट' 'अँटारेस' या मासेमारी नौकेच्या जाळ्यात अडकली. तिने नौकेला जाळ्यासकट खाली ओढले आणि चारही मच्छीमार बुडाले. ९ फेब्रुवारी २००१ रोजी हवाई बेटांजवळ अमेरिकेची 'ग्रीनव्हिल' पाहुण्यांना एकदम वर येण्याचे प्रात्यक्षिक दाखवत होती. त्याआधी पेरिस्कोपमधून भोवताली पाहणे घाईत उरकले गेले. ती वर आली ती नेमकी जपानच्या एका मत्स्यविद्यालयाच्या 'एहिमे मारू' या प्रशिक्षण नौकेखाली. पस्तिसांपैकी नऊ जण गेले, त्यांत चार विद्यार्थी आणि दोन शिक्षक. सहलीची परवानगीपत्रे गोळा करणाऱ्या आमच्यासारख्यांना ही ओळ वाचून पुढे जाता येत नाही.

आपल्या समुद्रातही हे घडले आहे. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्याच्या वायव्येस सुमारे ७० सागरी मैलांवर 'मार्थोमा' ही मासेमारी नौका आणि नौदलाची पाणबुडी यांची टक्कर झाली. नौकेवर तेरा जण होते. अकरा वाचले, दोघे घरी परतले नाहीत. दोष कोणाचा हे ठरवायला चौकश्या असतात. आम्हाला एवढेच दिसते की अशा धडकेत पाणबुडीला पोचा पडतो आणि होडीवाल्याचे घर बसते. रत्नागिरी-राजापूरकडच्या दालदी घरांतले किती तरी वाचक हे पान वाचतात; त्यांना यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

म्हणून घरातल्या खलाशांसाठी थोडे कामाचे. अमेरिका व ब्रिटनच्या पाणबुड्या रात्री पाण्यावर असताना पिवळा लुकलुकणारा दिवा लावतात. एरवी पाणबुडीचे दिवे इतके खाली असतात की मोठी पाणबुडी छोटी होडी भासते. तेव्हा दिव्यावरून आकार ठरवू नये आणि पुढून आडवे जाऊ नये. मोबाइलवर जहाजे दाखवणारे अॅप युद्धनौका दाखवेलच असे नाही. जाळे काही कारण नसताना ताणले जाऊन होडी मागे ओढली जाऊ लागली तर जाळ्याची किंमत मोजत बसू नये, विंच मोकळी सोडावी. मदतीसाठी व्हीएचएफचा १६ नंबरचा चॅनेल किंवा तटरक्षक दलाचा १५५४ क्रमांक.

फोटोचे सांगायलाच हवे, कारण हल्ली हात आधी खिशाकडे जातो. गोदीत उभ्या असलेल्या पाणबुडीचा फोटो काढून, जागा-वेळ टाकून ग्रुपवर फिरवणे हा पोरखेळ नव्हे. १९२३चा शासकीय गुपिते कायदा आजही लागू आहे आणि 'सहज काढला' हे उत्तर पोलीस ठाण्यात फार वेळ पुरत नाही. मुलांना वहीत चित्र काढू द्या. आमच्या वर्गातल्या एकीने मनोऱ्याचे पंख इतके नेमके काढले की वाद तिथेच मिटला.

स्कॉटलंडच्या त्या किनाऱ्यावर आज पाणबुड्यांचा सराव कोणत्या पट्ट्यात आहे हे मच्छीमारांना रेडिओवरून कळवले जाते. तशी सूचना आपल्या बंदरांवर मराठीत आणि कोकणीत, जाळी भरायच्या वेळी ऐकू यावी, अशी मागणी मच्छीमार सोसायट्यांनी करायला हरकत नाही. सोसायटीच्या पुढच्या सभेला जाणाऱ्या कोणी तरी ती लेखी द्यावी. अर्ज लिहायला माणूस हवा असेल तर आम्ही आहोत.