छोट्या गाडीची परीक्षा सेकंदकाट्यावर नको

सोलापुरात चार गाडीवेडी माणसे एकत्र आली आणि विषय छोट्या पण दमदार मोटारींकडे वळला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: शून्य ते शंभर किती सेकंदांत? फियाटची अबार्थ पुंटो 8.8 सेकंदांत, फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय 9.7 सेकंदांत, टाटाची टियागो जेटीपी दहाच्या आत. कंपन्यांनी जाहीर केलेले हे आकडे अनेकांना तोंडपाठ असतात. कमी सेकंद म्हणजे चांगली गाडी आणि चांगली गाडी म्हणजे जास्त मजा, असा निकालही लगेच लागतो. या निकालातली पहिली पायरीच कच्ची आहे.

विरुद्ध बाजू आधी पूर्ण मांडायला हवी, कारण ती पोकळ नाही. तिचे म्हणणे असे: सोलापूर जिल्हा सपाट, रस्ते सरळ. पुणे, हैदराबाद, विजापूर, तुळजापूर, सांगली अशा पाच दिशांना चौपदरी महामार्ग गेले आहेत. विजापूरच्या महामार्गाचा 25.54 किलोमीटरचा एकेरी पट्टा फेब्रुवारी 2021 मध्ये 18 तासांत तयार झाला आणि त्याची देशभर चर्चा झाली. असे रस्ते दारात असताना वळणावर गाडी कशी वागते, स्टिअरिंग हातात काय सांगते, या गोष्टी कोकणातल्या किंवा सह्याद्रीतल्या माणसाने बघाव्यात. सोलापूरकराने पिकअप बघावा. शिवाय सेकंद मोजता येतात, मजा मोजता येत नाही. मग वाद मोजता येणाऱ्या गोष्टीवरच व्हावा.

आता हा आकडा जन्मतो कसा ते पाहू. मोकळ्या, कोरड्या पट्ट्यावर गाडी उभी करायची, इंजिन चढ्या फेऱ्यांवर धरायचे, क्लच झटक्यात सोडायचा, टायर घसरू न देता निघायचे आणि प्रत्येक गिअर इंजिन ओरडेपर्यंत ताणायचा. असे अनेक प्रयत्न करून त्यांतला चांगला निवडायचा. स्वतःच्या पैशाने गाडी घेतलेला माणूस क्लचवर असा अत्याचार करत नाही. मॅन्युअल गाडीत तर या आकड्याचा बराच भाग चालवणाऱ्याच्या पायाचा असतो. एखादी गाडी दुसऱ्या गिअरमध्येच शंभर गाठते, एखादीला त्यासाठी तिसरा टाकावा लागतो आणि तेवढ्या एका बदलात अर्धा सेकंद सहज जातो. रस्त्यावरच्या अनुभवाशी त्याचा काडीचा संबंध नसतो.

बरे, या सेकंदांनी मिळते काय? सोलापूर ते पुणे अंतर सुमारे 250 किलोमीटर. वाटेत सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी आणि पाटस हे टोलनाके लागतात. प्रत्येक नाक्यावरून 8.8 सेकंदांची गाडी आणि 9.7 सेकंदांची गाडी जीव तोडून निघाल्या, तरी सगळे नाके मिळून दहा सेकंदांचाही फरक पडत नाही.

त्यात सोलापूरची हवा. शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंचावर आहे आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. त्रेचाळीस अंशांच्या दुपारी इथली हवा समुद्रकाठच्या पंचवीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ असते. साध्या पेट्रोल इंजिनाला तेवढा प्राणवायू कमी मिळतो आणि त्याची शक्ती घटते. टर्बो हा तोटा बराचसा भरून काढतो, पण दाबलेली हवा तापते आणि तिला थंड करायला बाहेर असते तीही त्रेचाळीस अंशांचीच हवा. इंजिन वाचवण्यासाठी संगणक ठिणगीची वेळ मागे घेतो आणि थोडी ताकद तिथे जाते. एसी पूर्ण चालू आणि मागे तीन माणसे बसलेली असताना कागदावरचे 8.8 सेकंद कुठे राहतात, हे मे महिन्यात गाडी चालवणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

सरळ रस्त्याचा मुद्दा वरवर अधिक भक्कम वाटतो. पण केंद्र सरकारच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार विभाजित चौपदरी रस्त्यावर मोटारीला कमाल मर्यादा ताशी 100 किलोमीटर आहे आणि राज्ये ती आणखी खाली आणू शकतात. 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींत 80 च्या पुढे इशारा देणारी यंत्रणा बंधनकारक झाली. फोक्सवॅगनने मे 2025 मध्ये सुमारे 53 लाखांना भारतात आणलेली गोल्फ जीटीआय 265 अश्वशक्तीची आहे आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणे 5.9 सेकंदांत शंभर गाठते. म्हणजे कायद्याने मुभा दिलेला सगळा वेग ती सहा सेकंदांत संपवते. मोहोळपासून पुण्यापर्यंत पुढे उरते काय? सरळ रस्त्यावर वेग हीच मजा मानली, तर ती मजा मर्यादा ओलांडल्याशिवाय मिळत नाही, आणि ती ओलांडण्याची किंमत मोठी आहे. ताशी शंभरला गाडी सेकंदाला 28 मीटर पुढे जाते. 140 ला थांबायला लागणारे अंतर शंभरच्या जवळजवळ दुप्पट होते.

हे महामार्ग रिकामेही नाहीत. गळीत हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर त्यांच्यावर असतात आणि अंधारात अनेक ट्रॉल्यांना मागचा दिवा नसतो. उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या असतात. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरची वाट चालणारी माणसे असतात आणि कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरपर्यंत पायी जाणारे भाविकांचे लोंढे. ज्या रस्त्यावर माणसे अनवाणी चालतात, त्याला धावपट्टी समजण्याचा हक्क कोणत्याही गाडीवेड्याला नाही. गाडीवर प्रेम असणाऱ्यांनी हे इतरांच्या आधी आणि इतरांपेक्षा मोठ्याने म्हणायला हवे.

पूर्वपक्षाचा एक मुद्दा मात्र खरा आहे. बार्शीच्या किंवा आडवाटेच्या दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करताना ताकद लागते आणि ती सुरक्षिततेची गोष्ट आहे. फक्त ती ताकद शून्य ते शंभरमध्ये दिसत नाही. उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी ताशी पंचवीसवर रांगत असते, दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन पंधराशे-अठराशे फेऱ्यांवर. समोरचा रस्ता मोकळा दिसताच तिथून साठ-सत्तरपर्यंत किती झटकन जाता येते, हा प्रश्न असतो. पोलो जीटी टीएसआयचा 175 न्यूटन-मीटर टॉर्क 1500 फेऱ्यांपासूनच हाताशी येतो आणि तिचा सात गतींचा डीएसजी गिअरबॉक्स स्वतःच खालचा गिअर पकडतो. अबार्थ पुंटोचा टॉर्क 212 न्यूटन-मीटर, अश्वशक्ती 145. सेकंदकाट्यावर ती पोलोला सहज मागे टाकते. पण तिचा टर्बो उशिरा जागा होतो. फेऱ्या वर असतील तर ती आनंदाने सुटते, खाली असतील तर चालवणाऱ्याला आधी गिअर उतरवावा लागतो. ट्रॅक्टरमागून सुटण्याच्या त्या दोन-तीन सेकंदांत पोलो अधिक कामाची. पिकअपच्याच नावाने वाद घालायचा, तर निदान योग्य पिकअप मोजावा.

मोजता येत नाही म्हणून मजा बाजूला ठेवा, हे म्हणणेही टिकत नाही. मोटार-मासिके अनेक वर्षांपासून तिसऱ्या गिअरमध्ये 20 ते 80 आणि चौथ्यात 40 ते 100 चा वेळ छापत आली आहेत. ताशी ऐंशीवरून थांबायला लागणारे अंतर मोजता येते. गाडीचे वजन काट्यावर कळते. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती वेढे फिरते, हेही मोजता येते. ही सगळी मापे उपलब्ध असताना वादात एकच माप वापरले जाते, कारण ते एका दमात सांगता येते.

आणि आकडे कुठे थांबतात तेही बघावे. ह्युंदाईची आय20 एन लाइन 120 अश्वशक्तीची, टॉर्क 172 न्यूटन-मीटर. जून 2024 मध्ये आलेली टाटाची अल्ट्रोझ रेसर 120 अश्वशक्तीची, टॉर्क 170. दोन्ही तीन सिलिंडरच्या, दोन्ही टर्बो. कागदावर त्यांच्यात निवड करणे अशक्य आहे. चालवून पाहिल्यावर मात्र कोणालाही दोन मिनिटांत कळते की या दोन निराळ्या स्वभावाच्या गाड्या आहेत: क्लचचे वजन वेगळे, इंजिनाचा सूर वेगळा, खड्ड्यावर अंग टाकण्याची रीत वेगळी. सेकंदकाटा गप्प होतो तिथून खरी तुलना सुरू होते.

छोट्या गाडीची मजा ताशी चाळीस ते नव्वदच्या पट्ट्यात असते. गाडी हलकी असेल तर त्या पट्ट्यात तिचे सगळे गुण वापरता येतात. 2001 मध्ये आलेली फियाट पालिओ 1.6 जीटीएक्स याचे उत्तम उदाहरण. 1596 सीसी, 100 अश्वशक्ती, टर्बो नाही. पाय दाबला की इंजिन लगेच उत्तर देणार. मध्ये वाट बघणे नाही. स्टिअरिंग जड पण बोलके, आणि सस्पेन्शन असे की तुटक्या डांबरावरही चाके रस्ता सोडत नाहीत. जुन्या पालिओवाल्यांना तिच्याबद्दल विचारले, तर ते सेकंद सांगत नाहीत. एखाद्या वळणाची आठवण सांगतात. तिच्या पेट्रोल पिण्याची तक्रार खरी होती आणि त्या तक्रारीने फियाटचे मोठे नुकसानही केले. तिच्या हाताळणीबद्दल तक्रार मात्र क्वचितच ऐकू आली. 2005 च्या मे महिन्यात आलेल्या पहिल्या स्विफ्टने हीच गोडी मध्यमवर्गाच्या खिशाला परवडेल अशी केली: 1.3 लिटरचे, 87 अश्वशक्तीचे, फेऱ्या चढवायला उत्सुक इंजिन आणि सुमारे एक टन वजन. तुळजापूरच्या घाटात अशी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ताशी पन्नासवर चढवताना हात, पाय आणि कान तिन्ही कामाला लागतात. कायदा मोडत नाही, कोणाला धोका होत नाही आणि चालवणारा खुशीत असतो.

हलक्या गाडीच्या मंडनासाठी परदेशातले उदाहरण म्हणून मिनी कूपर एसने 1964 ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकल्याची गोष्ट हमखास दिली जाते. ती जपून द्यावी. त्या वर्षीच्या गुणपद्धतीत छोट्या इंजिनाला सवलत होती आणि आठ सिलिंडरची फोर्ड फाल्कन प्रत्यक्ष वेळेत वेगवान होती. 1965 चे उदाहरण जास्त वजनाचे. त्या वर्षी प्रचंड बर्फ पडला आणि टिमो मॅकिनेनने मिनीतच ती रॅली जिंकली. रस्ता बिघडला की अश्वशक्तीचे महत्त्व घटते आणि हलकेपणाचे वाढते. सोलापूर जिल्ह्यातल्या कोणत्याही पावसाळ्यानंतरच्या रस्त्याला हे लागू आहे.

याचा अर्थ कोणतीही स्वस्त, हळू गाडी मजेची, असा मात्र नाही. ते दुसरे टोक आहे आणि तेही चूक. लोण्यासारखे ढिले स्टिअरिंग आणि वळणावर कलंडणारी बॉडी असलेली गाडी हळूही असते आणि कंटाळवाणीही. ताकद हवी, पण तिच्या जोडीने ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन सुधारलेले हवे. टियागो जेटीपीमध्ये हेच केले होते. ऑक्टोबर 2018 मध्ये 6 लाख 39 हजारांना आलेल्या या गाडीचे 114 अश्वशक्तीचे इंजिन सुमारे एक टन वजन ओढत होते. सोबत रुंद टायर, घट्ट सस्पेन्शन आणि कोइम्बतूरच्या जेयेम ऑटोमोटिव्हजचे हात. सोलापूरच्या रस्त्यांसाठी या सगळ्या गाड्यांतून एकच निवडायची, तर पहिला मान तिचा. महामार्गावर रोज जाणाऱ्याला पोलो टीएसआय. अबार्थ सेकंदांत या दोघींच्या पुढे, पण इथे तिसरी.

2020 च्या नव्या प्रदूषण निकषांबरोबर जेटीपी गेली, मारुतीची बलेनो आरएसही त्याच सुमारास. फियाट देशातून गेली, पोलो 2022 मध्ये थांबली. कुर्ल्यात बनलेली पालिओ, रांजणगावची पुंटो आणि चाकणची पोलो: महाराष्ट्राच्याच मातीत घडलेल्या या गाड्या आता फक्त जुन्या बाजारात मिळतात. करांचाही यात हात आहे. चार मीटरच्या आतली, 1200 सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के जीएसटीत येते. त्यापुढची 40 टक्क्यांत. 1.6 लिटरचे साधे, टर्बो नसलेले इंजिन छोट्या गाडीत घालणे कंपन्यांना परवडत नाही. पण ग्राहकाचाही वाटा आहे. त्याने सेकंद विचारले, कंपन्यांनी सेकंद विकले, आणि ज्यांना सेकंदही नको होते ते उंच एसयूव्हीकडे गेले.

अजूनही ज्याला शुद्ध वेगाची ओढ आहे, त्याच्यासाठी लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत; हेल्मेट, रुग्णवाहिका आणि बंद पट्टा असलेली जागाच त्या छंदाला योग्य. रस्त्यावर चालवायची गाडी घेणाऱ्याने शोरूममधली शहरातल्या सिग्नलांवरची छोटी चक्कर पुरेशी मानू नये. दुपारच्या उन्हात, एसी लावून, घरची माणसे बसवून बार्शी रस्त्यावर किंवा तुळजापूरच्या चढावर चक्कर मागावी. दुसऱ्या गिअरमध्ये पंचवीसवरून पाय दाबून बघावे, मोकळी जागा बघून साठवरून जोरात ब्रेक लावावा, खड्ड्याच्या वळणावर स्टिअरिंग काय सांगते ते ऐकावे. विक्रेत्याने एवढी चक्कर द्यायला नकार दिला, तर दुसऱ्या विक्रेत्याकडे जावे.