'कायमचं' म्हणजे किती दिवस?

सबमिशन संपलं की आमच्या विंगमध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' रंगतं. वीस बाजूंचा फासा, कागद-पेन्सिल आणि गोष्ट पुढे नेणारा एक जण, बास! 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या अमेरिकन कंपनीने २००० साली या खेळाचे मूळ नियम ओपन गेम लायसन्सखाली खुले केले. कोणीही ते वापरून स्वतःचं पुस्तक छापावं, विकावं, रॉयल्टी शून्य. त्यावर कित्येक छोट्या प्रकाशकांनी संसार थाटले.

जानेवारी २०२३ मध्ये नव्या लायसन्सचा मसुदा फुटला. वर्षाची विक्री साडेसात लाख डॉलरच्या वर गेली की वरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी, आणि जुनं लायसन्स यापुढे 'अधिकृत' नाही! जुन्यात 'कायमचं' हा शब्द होता, पण 'मागे न घेता येणारं' असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. झाली पंचाईत.

रूममेट म्हणतो, माल त्यांचा, मर्जी त्यांची. मला नाही पटत. लोकांना बोलावून घरं बांधायला लावायची आणि तेवीस वर्षांनी जमीन परत मागायची? (सातबारा आधी वाचायला हवा होता, हेही खरंच म्हणा.) खेळणारे भडकले, कंपनीच्या ऑनलाइन सेवेची वर्गणी धडाधड रद्द केली. त्याच महिन्यात कंपनी नमली आणि पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली दिले. त्यात मात्र तो राहिलेला शब्द आहे.

हे वाचून काल रात्री आमच्या प्रोजेक्टमध्ये उचललेला कोड उघडला. लायसन्सची फाइलच नाही. म्हणजे परवानगीच नाही. सोमवारी गाईडसरांकडे जातोय.