गळक्या भांड्याची पारख

आमच्या ज्येष्ठ बंधूंचा उजवा हात गेलीं तीन वर्षें कांपतो. डॉक्टरी परीक्षेअंतीं तो कंपवात ठरला. इंग्लंडांतील जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं ज्याचें वर्णन केलें, तोच हा विकार. गेल्या आषाढांत आमच्या पुतण्यानें एक वार्ता आणली. "काका, उपास केला कीं शरीरांतील पेशी आपला कचरा आपणच खाऊन टाकतात. या शोधास नोबेल पारितोषिक मिळालें आहे. बाबांनीं एकभुक्त राहावें, म्हणजे कंप जाईल." बंधूंनींही तें मानलें. आठ दिवसांत ते इतके गळून गेले, कीं डॉक्टरांनीं तो उपक्रम बंद करविला. पुतण्याचा हेतु शुद्ध होता, वार्ताही खोटी नव्हती. मात्र तिच्यांतील एक दुवा निसटला होता. तो कोणता, हें आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम वार्तेंतील सत्य पाहूं. बेल्जियमचे शास्त्रज्ञ क्रिस्तियां द दूव्ह यांनीं १९५५ सालीं पेशींतील पचनाच्या पिशव्या उजेडांत आणल्या. शालेय पुस्तकांत त्यांस लयकारिका म्हणतात. पेशी स्वतःचेच अंश त्यांत नेऊन पचविते, या क्रियेस त्यांनींच १९६३ सालीं 'ऑटोफॅजी', म्हणजे स्वभक्षण, हें नांव दिलें. पुढें जपानचे योशिनोरी ओसुमी यांनीं यीस्टच्या पेशी उपाशी ठेवून ही क्रिया सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली व ती चालविणारीं जनुकें हुडकून काढलीं. २०१६ चें नोबेल पारितोषिक त्याबद्दलचें. भुकेनें स्वभक्षण वाढतें, हें येथवर खरें. परंतु भुकेलेली पेशी बहुधा हातीं येईल तें पचविते. सरपण संपलें म्हणजे माणूस बसावयाचा पाटही चुलींत घालतो, तशांतला तो प्रकार. चेतापेशीस हवी असते ती पारख.

आमच्या मातोश्री दिवाळीपूर्वीं माळ्यावरचीं सर्व भांडीं खालीं काढीत. प्रत्येकांत पाणी भरून पाहात, आणि जें गळे त्यावर चुन्याचें बोट ओढीत. तेवढींच भांडीं तांबटाकडे मोडींत जात व त्याच धातूचीं नवीं घडून येत. पेशींतही नेमकें असेंच घडतें. तिला शक्ति पुरविणाऱ्या तंतुकणिका आपल्या आवरणावर विद्युद्भार राखून असतात. तो शाबूत असेपर्यंत पिंक-१ नांवाचें प्रथिन आंत ओढलें जाऊन नष्ट होत राहतें. भार ढळला कीं तें आंत जाऊं शकत नाहीं. बाहेरच सांचतें व पार्किन नांवाच्या दुसऱ्या प्रथिनास बोलावून कामास लावतें. पार्किन त्या कणिकेवर युबिक्विटिनच्या माळा चढवितें. हेंच चुन्याचें बोट! मग ती खूण ओळखून दुहेरी पापुद्रा कणिकेस गुंडाळतो, लयकारिकेंत तिचें विघटन होतें, आणि निघालेलीं द्रव्यें नव्या बांधणीस लागतात.

मेंदूंतील एका कृष्णवर्ण भागांतल्या चेतापेशी डोपामिन निर्माण करून शरीराच्या हालचालींस वळण देतात. त्या एकदां घडल्या कीं पुन्हां विभागत नाहींत. जन्मभर तेंच घर झाडून राहावयाचें. बिघडलेल्या कणिका सांचत गेल्या, तर त्या घरास दगा होतो. १९९८ सालीं जपानी संशोधकांना पार्किनचें जनुक सांपडलें, २००४ सालीं पिंक-१ चा संबंध उघड झाला. या दोहोंपैकीं एकांतील दोष माता व पिता या उभयतांकडून आला, तर कंपवात तरुणपणींच गांठतो. हीं दोन कारणें प्रथम वेगवेगळीं वाटत. बिघडलेल्या कणिकांवरच पार्किन गोळा होतें, असें अमेरिकेंत रिचर्ड यूल यांच्या प्रयोगशाळेनें २००८ सालीं दाखविलें, आणि हळूहळू तीं एकाच सांखळीचे दुवे ठरलीं.

बहुतेक रुग्णांत ही आनुवंशिक उणीव नसते. तरी त्यांच्याही चेतापेशींत तंतुकणिकांचा बिघाड आढळतो. ही पारख परत आणून देणारें औषध अद्याप सिद्ध झालेलें नाहीं, आणि उपासानें कंपवात बरा होतो असेंही सिद्ध झालेलें नाहीं. ज्यास एकादशी करावयाची त्यानें ती श्रद्धेनें करावी. रुग्णाचें जेवण व औषधाच्या वेळा मात्र डॉक्टरांस विचारल्यावांचून कोणीं बदलूं नयेत.

शेवटीं आमचीच एक चूक सांगतों. कंप दिसण्यापूर्वीं दोन वर्षें बंधूंच्या पत्रांतील अक्षर बारीक बारीक होत चाललें होतें. जन्मभर मुलांचीं अक्षरें तपासलेले आम्ही, "दादा, कागदाची फार काटकसर चालविली आहे!" म्हणून हंसलों. सदऱ्याच्या गुंड्या लावण्यास त्यांना वेळ लागे, त्यावरही घरांत बोलणें होई. तीं रोगाचींच चिन्हें होतीं. वाचकांच्या घरीं कोणा वडीलधाऱ्याचें अक्षर असें आकसूं लागलें, तर थट्टा करूं नका. त्यांना वेळेवर दाखवून आणा.